असरनंतरचा निकाह

माझं 'हो' म्हणून झालं होतं. बाबांचे चुलतभाऊ निकाहचे वकील म्हणून माझी संमती विचारायला दाराशी आले होते, मागे दोन साक्षीदार उभे होते, आणि मी मान खाली घालून हो म्हटलं होतं. बायकांनी माझ्या डोक्यावरची लाल ओढणी सारखी केली, स्वतःचे डोळे पुसले. आता मांडवात काजीसाहेबांनी इलियासला विचारलं की झालं. फणसाच्या झाडाला कर्णा बांधलेला होता, त्यामुळे मांडवातला शब्द न् शब्द आतल्या खोलीत ऐकू येत होता.

काजीसाहेब म्हणाले, "बेटा, माझ्यामागून कलमा म्हण."

कर्ण्यातून इलियासचा आवाज आला. पहिले शब्द नीट आले, पुढे तो अडखळला आणि हसला. आमच्या खोलीतही कुणीतरी हसलं. नवरदेव बावरला असेल, असंच सगळ्यांना वाटलं. काजीसाहेबांनी पुन्हा सांगितलं. या वेळी तो अर्ध्यातच थांबला आणि मोठ्याने म्हणाला, "कबूल, कबूल, कबूल! झालं ना काजीसाहेब? आणखी किती वेळा?"

मांडवात हशा झाला. मग तो एकदम ओसरला. कर्णा खरखरला आणि बंद झाला.

आमचा मोहल्ला बाणकोटच्या खाडीच्या काठचा. इलियासचं, म्हणजे सारंगांचं घर पलीकडच्या काठाला. इलियास जहाजावर नोकरीला होता आणि पुढे कुवेतला जायचं त्याचं ठरत होतं. सोयरीक जमल्यापासून मी त्याला दोनदाच पाहिलं होतं, दोन्ही वेळा माणसांच्या गराड्यात. पण दुसऱ्या वेळी निघताना त्याने मला हळूच विचारलं होतं, "शाळेतली नोकरी सोडणार नाहीस ना? सोडू नकोस." तेवढ्यावर मी त्याची झाले होते. तेव्हा मी नुकतीच उर्दू शाळेत शिकवायला लागले होते.

आई मी लहान असतानाच गेली. मला वाढवलं ते बाबांच्या थोरल्या बहिणीने, हुर्मतफूफीने. तिचा नवरा मचव्यावर तांडेल, खलाशांचा म्होरक्या होता, तो वारल्यावर ती आमच्याकडेच आली. त्याच्याही आधी तिचा एकुलता मुलगा खाडीत बुडाला होता. फूफी एरवी सारखी बोलायची, माणसांशी, कोंबड्यांशी, चुलीवरच्या पातेल्याशी. कर्णा बंद पडला तशी ती माझा हात धरून बसली आणि एक शब्द बोलेना.

बाबा आत आले. त्यांच्या तोंडावरचा रंग उडाला होता.

"बाकीच्यांनी जरा बाहेर जा," ते म्हणाले. बायका बाहेर गेल्या. फूफी उठली नाही.

"काय झालं बाबा?"

"त्याने घेतलीय."

मला आधी कळलंच नाही. "काय घेतलंय?"

"दारू! आणखी काय? काजीसाहेब उठून उभे राहिले. म्हणतात, मी हा निकाह पढवत नाही."

तेवढ्यात पडद्यापलीकडे पावलं वाजली. काजीसाहेब आले होते, आणि त्यांच्या मागे इलियासचे वडील हसनमियां. काजी शहाबुद्दीन म्हणजे वाळलेल्या काठीसारखे म्हातारे गृहस्थ. मोहल्ल्यातल्या निम्म्या लोकांना त्यांनीच मदरशात शिकवलेलं. आवाज कधी चढायचा नाही. चढला होता तो हसनमियांचा.

"पोरगं घाबरलं होतं हो! लाँचमध्ये मित्रांनी आग्रह केला, एवढीशी घेतली. सवय नाही म्हणून चढली. सवय असती तर तुम्हाला कळलंसुद्धा नसतं."

"ते खरं," काजीसाहेब म्हणाले. "कळलं नसतं."

बाबा पडद्याजवळ गेले. "काजीसाहेब, दोन्ही काठांची माणसं मांडवात बसलीयत. जहाजावरच्या पोरांत हे चालतं, तुम्हाला का ठाऊक नाही? तो तोबा करेल. अल्ला माफ करणारा आहे. तुम्ही एवढे का ताणता?"

"गुनाह माफ करायचा की नाही ते माझ्या हातात नाही, उस्मानभाई. मी त्याच्याबद्दल बोलतच नाहीये."

"मग कशाबद्दल?"

काजीसाहेब पडद्याकडे वळले. पडद्यातून मला त्यांची नुसती सावली दिसत होती.

"मदरशात पोरं मला विचारायची, कुराणात दारू एकदमच का नाही बंद केली? आधी एवढंच सांगितलं की तिच्यात थोडा फायदा आहे, पण नुकसान त्याहून मोठं. मग सांगितलं, नशेत असाल तर नमाजच्या जवळ येऊ नका, आपण काय बोलतोय ते तुम्हाला कळेपर्यंत येऊ नका. आणि शेवटी सांगितलं, आता सोडाच. लोकांना शेवटचं तेवढं लक्षात राहतं. मला मधलं फार मोठं वाटतं. आपल्यात सगळंच बोलण्यावर उभं आहे. कलमा बोलायचा असतो. साक्ष बोलून द्यायची असते. निकाह तरी काय? दोन माणसांनी शुद्धीत दिलेला शब्द. मघाशी तो तीनदा कबूल म्हणाला, पण बोलणाराच जागेवर नव्हता. मी कुणाचा शब्द ऐकू?"

हसनमियां म्हणाले, "त्याला लिंबूपाणी पाजलंय, डोक्यावर पाणी घातलंय. संध्याकाळच्या आधी, असरच्या नमाजपर्यंत अगदी ठीक होईल. मग तरी पढवाल?"

"शुद्धीवर असेल तर मला नाही म्हणता यायचं नाही."

बाबांनी सुस्कारा सोडला. "झालं तर. असरनंतर."

"पण मुलीचं मघाचं 'हो' मी धरणार नाही," काजीसाहेब म्हणाले. "तेव्हा तिला हे माहीत नव्हतं. मी तिला पुन्हा विचारीन."

"तिला काय विचारायचंय? ती माझ्या शब्दाबाहेर नाही."

"नसेल. तरी विचारीन."

माणसं ताटकळू नयेत म्हणून बाबांनी जेवणं सुरू करायला सांगितली. बाहेर ताटं वाजू लागली, नारळाच्या दुधातल्या पुलावाचा वास आत आला. बायका येता-जाता मला समजावत होत्या. एक म्हणाली, बरात परत गेली तर तुला पुन्हा कोण विचारणार? दुसरी म्हणाली, पुरुषमाणूस आहे, तुझ्या हाती आला की सुधारेल. माझ्या डोक्यात त्याचं ते हसणं घुमत होतं. पण त्याच्यामागे त्याचं दुसरं वाक्यही ऐकू येत होतं, 'सोडू नकोस.'

दुपार कलली तेव्हा मागच्या दारावर हलकी थाप पडली. फूफीने दार उघडलं. विहिरीपाशी इलियास उभा होता. सेहरा काढलेला, केस ओले, शेरवानीची बटणं एकेक चुकवून लावलेली.

"मला तिच्याशी बोलू द्या, फूफी. तुम्ही इथेच थांबा."

फूफीने बाजूला होऊन मला उंबऱ्यापर्यंत येऊ दिलं आणि ती माझ्या पाठीशी उभी राहिली. त्याने मान वर केली नाही.

"माझं चुकलं," तो म्हणाला. "सकाळपासून हातपाय कापत होते. एवढी माणसं, एवढी मोठी गोष्ट. कुणीतरी म्हणालं, एक घोट घे, भीती जाईल. भीती गेली. मग बाकीचंही गेलं."

"रोज घेता?"

"नाही. जहाजावर कधीतरी. सगळेच घेतात." मग म्हणाला, "तू म्हणशील तर आजपासून बंद. अल्लाची कसम."

तो खोटं बोलत नव्हता. आजही मला तसंच वाटतं. त्याचे डोळे भरून आले होते, आणि मला त्याची बटणं नीट लावून द्यावीशी वाटली.

मी विचारलं, "मघाशी माइकवर तुम्ही काय म्हणालात?"

"कबूल म्हणालो ना?"

"तुम्हाला आठवतंय?"

त्याने नजर विहिरीच्या काठाकडे वळवली.

"सगळे सांगतायत," तो म्हणाला. "म्हणालो असेन."

मांडवातून त्याला कुणीतरी हाक मारली. तो गेला. फूफीने दार लावून घेतलं आणि कडी घातली.

मी म्हटलं, "फूफी, वाईट नाहीत गं ते. हो म्हणू का?"

फूफी खाली जमिनीवर बसली. मलाही बसवलं. माझ्या भरजरी कपड्यांचा विचार न करता तिने मला तशीच ओढून बसवलं.

"मुनीर बुडाला तेव्हा तुझा जन्म नव्हता," ती म्हणाली. "तुला काय सांगितलंय?"

"वारं फिरलं आणि होडी उलटली. फुफा कसेबसे वाचले."

"वारं नव्हतं."

मी तिच्याकडे पाहिलं.

"पाणी नुसतं तेलासारखं होतं. मुनीर केव्हाचा हट्ट धरून बसला होता, बाबा मला होडीतून ने. हे प्यालेले होते. मला वास आला होता. मी म्हटलं, आज नका नेऊ. हसले. म्हणाले, मी तांडेल आहे, झोपेतसुद्धा होडी वल्हवीन. आणि शुद्धीत असले ना नफीसा, तर खरंच त्यांच्यासारखा तांडेल या खाडीत नव्हता. म्हणून मी पोराला सोडलं."

ती बोलत होती पण माझ्याकडे बघत नव्हती.

"दिवेलागणीला हे एकटेच परत आले. कपडे भिजलेले. आले ते पडवीत आडवे झाले. मी गदागदा हलवते, विचारते, मुनीर कुठे आहे? हे हं म्हणतात आणि कूस बदलतात. मी बंदरावर पळत गेले. होडी काठाला होती. सरळ. आत वल्हंसुद्धा जागेवर. सगळा मोहल्ला धावला, पाणी धुंडाळलं, काही मिळालं नाही. तिसऱ्या भरतीला मिळाला तो." तिने पदराने तोंड पुसलं. "पण ते नंतर. त्याच्या आधीची सकाळ सांगते. सकाळी हे उठले. चूळ भरली. आणि मला विचारलं, मुनीर अजून उठला नाही का?"

बाहेर कुणीतरी जेवणाऱ्यांना आग्रह करत होतं. पुलाव घ्या, आणखी थोडा घ्या.

"मी त्यांच्या अंगावर धावून जाणार होते. पण त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि थांबले. त्या माणसाला खरंच काही माहीत नव्हतं. पोर कुठे पडलं, उभं राहिलं होतं का, त्याने बाबा म्हणून हाक मारली का, यांनी उडी मारली का, अंगावरचं पाणी त्या उडीचंच होतं का. जगात एकाच माणसाला हे ठाऊक असायला हवं होतं, आणि तो माणूस तिथे नव्हताच. पुढे मरेपर्यंत हे रडले. पाच वक्त नमाज पढले. दारूला बोट लावलं नाही. मी रोज विचारायचे, काय झालं सांगा. ते डोकं धरून बसायचे. मला शिव्या द्यायलासुद्धा समोर कुणी उरलं नाही, बघ. जो होता तो दुसराच होता."

"होडी उलटली असं मग कुणी सांगितलं?"

"तुझ्या आजोबांनी. घराण्याची अब्रू होती ना. मीही तेच म्हणत राहिले. तुझ्या बाबांनासुद्धा धड ठाऊक नाही."

मी रडत होते. ती रडत नव्हती.

"इलियास तुझ्या फुफांसारखा होईल असं मी म्हणत नाही," फूफी म्हणाली. "कदाचित उद्यापासून सोडेलही. मला जे ठाऊक आहे ते मी सांगितलं. पुढचं तुझं."

असरची नमाज झाली. काजीसाहेब पडद्यापलीकडे येऊन उभे राहिले. बाबा होते, साक्षीदार होते, हसनमियां होते. काजीसाहेबांनी आधी मला सगळं सांगितलं. मुलगा आता शुद्धीवर आहे, त्याने त्यांच्यासमोर तोबा केली आहे, त्याने नीट कलमा म्हटला आहे. मग त्याचं पूर्ण नाव घेऊन, त्याच्या वडिलांचं नाव घेऊन त्यांनी विचारलं, "बेटी, हा निकाह तुला मंजूर आहे?"

मी काहीच बोलले नाही. पडद्यापलीकडून बाबा म्हणाले, "गप्प आहे म्हणजे हो आहे, काजीसाहेब. मुली लाजतात."

"आज गप्प राहणं मला पुरायचं नाही," काजीसाहेब म्हणाले. "बेटी, तोंडाने सांग."

"नाही," मी म्हटलं.

माझा आवाज मलाच ऐकू आला नाही, म्हणून मी पुन्हा म्हटलं. या वेळी तो पडवीपर्यंत गेला.

हसनमियां ओरडू लागले. खाडीपलीकडे तोंड कसं दाखवू, म्हणाले. शिकलेली मुलगी करू नये असं मला सांगणारे बरोबरच होते, म्हणाले. बाबांनी पडदा सारला, आत आले, माझ्याकडे बघितलं, मग फूफीकडे बघितलं. त्यांना काय दिसलं कोण जाणे. डोक्यावरची टोपी काढून ते पेटीवर बसून राहिले. बाहेर इलियासचा आवाज आला, अगदी साधा, थकलेला.

"चला बाबा. ती बरोबर बोलतेय. चला."

बरात लाँचवर चढली. 

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. बाबा माझ्याशी बोलायचे ते फूफीच्या मार्फत. 'तिला सांग, जेवून घे म्हणावं.' शाळेत मुलींच्या आया मला बघून कुजबुजायच्या. इलियास कुवेतला गेला, तिकडून आल्यावर त्याचं श्रीवर्धनकडच्या मुलीशी लग्न झालं, एवढं कानावर आलं. माझंही झालं, बऱ्याच उशिरा, महाडच्या एका शिक्षकाशी. युनूस साधा माणूस. रागावला तर दिवसभर रुसून बसतो, आणि संध्याकाळी स्वतःच चहा करून आणतो. बाबा त्याच्यावर माझ्यापेक्षा जास्त माया करत गेले. फूफी माझ्या घरीच वारली. त्या दुपारी सांगितलेलं तिने पुन्हा कधी काढलं नाही, मीही काढलं नाही.

इलियास मला पुन्हा भेटला तो पनवेलला, एका नातेवाइकाच्या लग्नात. मी त्याला ओळखलं नाही. पांढरी दाढी, बारीक झालेला. तोच माझ्याजवळ आला आणि सलाम करून म्हणाला, "मी इलियास सारंग."

आम्ही मुलाबाळांची चौकशी केली. मग त्याने खुर्ची ओढली.

"आमच्याकडे मौलाना तकरीरीत, मशिदीतल्या प्रवचनात, माझा दाखला देतात," तो म्हणाला. "मुलीने नाही म्हटलं आणि एक तरुण दारूतून सुटला, असं. मी खाली मान घालून ऐकतो. खरं नाही ते. त्या दिवशी कसम खाल्ली ना, ती कुवेतला पोचायच्या आधीच मोडली. त्यानंतर कितीतरी वर्षं पीत होतो."

"मग सुटली कशी?"

"आजारी पडलो. डॉक्टरांनी सांगितलं, मरशील. घाबरून सोडली. मोठी गोष्ट काही नाही." मग म्हणाला, "तुम्ही हो म्हटलं असतं तरी ती वर्षं मी प्यालोच असतो. हे तुम्हाला एकदा सांगायचं होतं. तुमच्या मनात कधी आलं असेल तर."

आलं होतं. पुष्कळदा आलं होतं. मी काही बोलणार तोच एक बाई आमच्याकडे आल्या. उंच, सावळ्या, डोक्यावरून पदर घेतलेल्या.

"ही शमीम. माझी बायको," इलियास म्हणाला. "उजव्या बाजूने बोला. डाव्या कानाने तिला ऐकू येत नाही."

"जन्मापासून?" मी सहज विचारलं.

"नाही. त्याच वर्षांत गेला," तो म्हणाला. पाणी आणतो असं सांगून निघून गेला.

शमीमने त्याच्या खुर्चीवर बसत मला नीट पाहून घेतलं. तिच्या नजरेत राग नव्हता. मला वाटतं, असता तर बरं झालं असतं.

"तुम्हीच नफीसा?"

"हो."

"किती वर्षं मनात आहे, भेटल्या तर विचारावं. त्या दिवशी आत तुमच्याजवळ कोण होतं?"

"माझी फूफी."

"तिने सांगितलं तुम्हाला?"

मी मान डोलावली.

"तरीच," शमीम म्हणाली. "बरात दारूपायी रिकामी परतली, हे खाडीच्या दोन्ही काठांना माहीत होतं. आमच्या घरात तर सगळ्यांनाच माहीत होतं. माझ्या आईला, मामूंना, माझा निकाह पढवणाऱ्यांनासुद्धा. मला कुणी सांगितलं नाही."

मी हळूच काहीतरी म्हटलं. काय म्हटलं ते तिला ऐकू गेलं नाही. तिने खुर्ची वळवून घेतली, पदर जरा मागे सारला आणि उजवा कान माझ्याकडे केला.